नाकतोडे न खाणारी मुलगी

प्रिय गोरेट्टी,

गुडघे टेकून नमस्कार. (कागदावरच टेकते आहे. खरोखर टेकले तर उठवायला शेजारणीला बोलवावं लागतं, आणि शेजारीण नालोंगो असल्यामुळे ती बातमी दुपारपर्यंत सगळ्या टेकडीवर होते.) मसाकाला सगळे कसे आहेत? मुलगा, सून, नातवंडं, कॉफीची झाडं? रक्तदाब कसा आहे? मीठ कमी केलंस का? केलं नसशील. नन्सच्या भोजनगृहातून मिठाचे खडे खिशात घालून आणणारी मुलगी सत्तरीत सुधारेल अशी माझी अपेक्षा नाही. इथे कंपालात आम्ही मजेत आहोत; म्हणजे माझा गुडघा, स्वयंपाकघराचं छप्पर आणि हायकोर्ट सोडून बाकी सगळं मजेत.

वर्षभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव. पण कारण ऐकून घे. कारण माझ्या मागच्या खोलीत राहतं, त्याचं नाव रांगहिल्ड, आणि ते नॉर्वेचं आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरात ती नवरा आणि दोन वर्षांची किसाक्ये यांना घेऊन खोली बघायला आली. परदेशी माणसाला इथलं मूल दत्तक हवं असेल तर आधी वर्षभर इथेच राहून ते सांभाळायचं, मग न्यायाधीश बघणार, असा कायदा आहे. नवऱ्याची रजा तीन आठवड्यांत संपली, तो गेला. ही राहिली. मला आधी या प्रकाराचाच संताप होता. आपल्याकडे इतकी कुळं, इतके काका, इतक्या आत्या असताना आपलं मूल परक्या विमानात बसायची वेळ येतेच कशी, असं मी तिला खोली दाखवता दाखवताच सुनावलं. तिनं शांतपणे सांगितलं, की किसाक्येला कुणीतरी इस्पितळाच्या व्हरांड्यात ठेवून गेलं, रेडिओवरून तीनदा पुकारलं, कुणी आलं नाही. (त्या वेळी ते सगळे काका आणि आत्या कुठे कॉफीच्या बिया चघळत बसले होते, हे मी अजून विचारते आहे.) मी किल्ली दिली. मनात म्हटलं, नाताळपर्यंत टिकेल.

गोरेट्टी, ही बाई तिच्या देशात इमारतींच्या लिफ्ट तपासते. ती घाबरत नाही आणि घाई करत नाही. महिन्याभरात ती कच्च्या केळ्यांचे मटोके केळीच्या पानात बांधायला शिकली, आणि तेही तुझ्या सुनेपेक्षा घट्ट (सुनेला हे वाचून दाखवू नकोस). माझ्या विहिरीचा पंप तिनं दुरुस्त केला; तो मोडलाय हे मला ठाऊक होतं, पण दुरुस्त होतो हे ठाऊक नव्हतं. आणि वाट बघणं! आपण वाट बघतो म्हणजे शिव्या देत बसतो. ती विणत बसते. बालकल्याण अधिकारी किझिटो साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर सकाळी सातला किसाक्येला मांडीवर घेऊन बसायचं आणि लोकर काढायची. साहेब बाहेरगावी आहेत? हरकत नाही. साहेब बैठकीत आहेत? हरकत नाही. फाईल सापडत नाही? हरकत नाही, ही बाही संपवते. कंपालाच्या उकाड्यात त्या ऑफिसातल्या पहारेकऱ्याच्या तिन्ही नातवंडांना लोकरी स्वेटर झाले. शेवटी किझिटो मला रविवारी चर्चबाहेर गाठून म्हणाला, “मेट्रनबाई, तुमच्या त्या बाईला सांगा ना, रोज येऊ नका म्हणून. भांडली असती तर हाकलली असती. नुसती विणते हो! मला चहा गिळवत नाही.”

मी म्हटलं, “फाईल शोध, मग गिळवेल.” सापडली.

आता मूळ गोष्ट, जिच्यात माझा काहीही दोष नाही. गेल्या नोव्हेंबरात, नाकतोड्यांच्या हंगामात, नालोंगोनं (तिला दोनदा जुळी झाली, तेव्हापासून ती स्वतःला टेकडीची सरपंच समजते) कांद्यात परतलेल्या नाकतोड्यांचा वाडगा आणून पोरीपुढे धरला. किसाक्येनं मान फिरवली. पुन्हा धरला, पुन्हा फिरवली.

“अगं मेट्रन, बघितलंस?” नालोंगो किंचाळली. “नाकतोडे नको म्हणते!”

“नको म्हणत नाही,” मी म्हटलं, “तिला चालत नाहीत. हे रक्त आहे, नालोंगो. ही नाकतोडा कुळातली आहे. माझ्या गोरेट्टीनं शाळेत अशीच मान फिरवली होती, आणि त्यापायी नन्सची छडी खाल्ली होती.”

चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला, दोन वर्षांचं पोर अनोळखी अन्नावरून तोंड का फिरवतं, हे कळायला हवं होतं असं तू म्हणशील. म्हणू नकोस. आपल्या कुळाचं देवक कुणी खात नाही हे पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं, असं आपल्या आयाच सांगत आल्या. मी ते फक्त पुढच्या रविवारी मिस्सानंतर अकरा बायकांना सांगितलं. त्या अकरांत किझिटोची आई होती, हा माझा अपराध आहे का?

यंदाच्या ऑक्टोबरात वर्ष पुरं झालं आणि किझिटोचा अहवाल कोर्टापुढे आला. त्यात वाक्य होतं: ‘बालिका नाकतोडा कुळातील असावी, असे परिसरातील जाणत्या व्यक्तींचे मत आहे.’ (जाणत्या व्यक्ती म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं मला जाणती म्हटलं, ते हे असं.) न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे मुलीला कुळ आहे. मग कुळाला विचारलंत का?” किझिटोनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पुढची तारीख पडली.

बाहेर पायऱ्यांवर मला वाटलं, आता ही रडेल, आणि माझ्यामुळे रडेल. रांगहिल्डनं किसाक्येच्या बुटाची नाडी बांधली आणि विचारलं, “कुळ कुठे राहतं?” जसं पोस्ट ऑफिस कुठे आहे विचारावं, तसं. मी म्हटलं, या भागातल्या नाकतोडा घराण्यांचे वडीलधारे अलोइझियस आजोबा, नदीपलीकडे. ती मोटारसायकलच्या मागे बसून तीनदा गेली. आजोबा दोनदा घरी नव्हते आणि एकदा झोपले होते. तिन्ही वेळा तिनं अंगणात विणलं. चौथ्या वेळी, काल शनिवारी, आजोबाच काठी टेकत माझ्या दारी आले. “म्हटलं बघून यावं,” ते म्हणाले, “माझ्या अंगणात जाळं विणतंय ते कोण.”

रांगहिल्डनं गुडघे टेकून नमस्कार केला, अगदी रीतसर, माझ्यासारखं कुथल्याशिवाय. चघळायला कॉफीच्या बिया पुढे केल्या. मी निरोप धाडून बोलावलेला किझिटो वही उघडून बसला. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून किसाक्ये आली. दोन्ही गाल फुगलेले. हातात नालोंगोचा सकाळचा वाडगा. ती सरळ आजोबांसमोर गेली आणि वाडगा पुढे करून म्हणाली, “आजोबा, घ्या ना. कुरकुरीत आहेत.”

नाकतोडा कुळाच्या वडीलधाऱ्यापुढे, गोरेट्टी. तळलेले नाकतोडे. मी जपमाळ शोधली, तीही सापडली नाही.

रांगहिल्ड जागची हलली नाही. म्हणाली, “चार दिवस झाले, रोज खाते आहे. आजोबा, मी तिन्ही वेळा हेच सांगायला आले होते. खोट्यावर मला मूल नको.”

“म्हणजे ही नाकतोडा नाही,” मी घाईनं म्हटलं. “मिटलं!”

“मिटलं कसलं?” किझिटो कपाळाला हात लावून म्हणाला. “आता कोर्ट म्हणणार, हे कुळ नाही तर कुठलं? बाकीच्या सगळ्या कुळांना विचारावं लागेल. पन्नासच्या वर आहेत, मेट्रनबाई.”

आजोबांनी रांगहिल्डकडे बघितलं, मग तिच्या लोकरीच्या पिशवीकडे. “पन्नास अंगणांत बसेल ही,” ते म्हणाले. “हिची तयारी दिसते. पण तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत. लिही रे. मूल कुठून आलं ते आम्हाला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. कुळाचं नाव नसलेलं पोर आम्ही विमानात बसू देत नाही. आजपासून ही आमची, आणि आमच्या संमतीनं या बाईची. जसंच्या तसं लिही.” मग काठीनं वाडग्याकडे दाखवलं. “आणि ते काढा आधी तिच्या हातातून.”

तर आता किसाक्ये रीतसर नाकतोडा कुळातली आहे, आणि ज्या आठवड्यात तिला नाकतोडे आवडायला लागले त्याच आठवड्यात ते तिला जन्माचे बंद झाले. शनिवारी तिनं जो गळा काढला तो मसाकापर्यंत आला असेल. नालोंगो म्हणते, “बघ, रडते कशी! रक्तच ते!” हिच्याशी मी काय बोलू?

रांगहिल्ड गेली की मला मागची खोली परत मिळेल, सकाळची शांतता मिळेल, आणि लोकरीचे गुंडे पायात येणार नाहीत. मी त्या दिवसाची वाट बघते आहे. तुझ्याकडून मला काही नको. सवड झाली तर ये. सुनेला आशीर्वाद.

तुझी,
टेओपिस्ता

ता. क. सवड काढच. आजोबांची एक अट राहिली लिहायची. मुलीला आत्या हवी. कुळातल्या एका बाईनं गुरुवारी नऊ वाजता कोर्टात उभं राहून म्हणायचं आहे, की मी हिची आत्या, माझी हरकत नाही, आणि हिच्या लग्नाच्या वेळी मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्या टेकडीवर तुमच्या कुळातल्या दोनच बायका आहेत. एक ठार बहिरी आहे, आणि दुसरीशी मी बोलत नाही.

ता. क. पुन्हा. तुझं नाव मी देऊन टाकलं आहे. विचारायला वेळ नव्हता. आणि आजोबांनी मुलीला कुळातलं जे नाव दिलं ते तुझंच घरचं नाव आहे, नन्सनी पहिल्याच दिवशी वहीतून खोडलं होतं ते. हेही मीच सुचवलं. रागाव, पण इथे येऊन रागाव.

ता. क. शेवटचं. हे पत्र रविवारी लिहून झालं होतं. आज मंगळवार आहे. मसाकाच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायला दोनदा बसथांब्यापर्यंत गेले आणि पर्समधून न काढता परत आले. आत्या आली नाही तर तारीख नाताळानंतर पडेल, बहुधा फेब्रुवारीत. तोवर किसाक्ये रोज सकाळी माझ्या पलंगावर चढून माझा चष्मा स्वतःच्या नाकावर लावत राहील. मी हा हिशेब केला, गोरेट्टी. शनिवारी माझ्या दारात ती बाई सगळ्यांसमोर खरं बोलली, आणि मी तिच्या कामाचं हे पत्र पर्समध्ये दाबून बसले. आज दुपारी ती पोरीच्या कोर्टात घालायच्या फ्रॉकला इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, “गोरेट्टीआत्या येतील ना?” मी म्हटलं, “येईल. तिला कळवलंय.”

ही ओळ थांब्यावर उभी राहून लिहिते आहे. कंडक्टर हात पुढे करून उभा आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. उद्या याच गाडीनं ये.