काळी पाच

रविवार, संध्याकाळ

काल मी साफ खोटं बोललो, ते दिवसभर डोक्यातून जात नाही. आम्ही सात-आठ हौशी मंडळी दर शनिवारी पुंडलिकनगरात सुलभाताईंकडं जमतो आणि स्वतः बांधलेल्या चाली एकमेकांना ऐकवतो. काल त्यांच्या पेटीवर मी माझी चाल वाजवली. ताई म्हणाल्या, "फार गोड आहे, मी गाते. फक्त माझ्यासाठी सा काळी पाचला धरा."

म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर. घरच्या पेटीवर मी सा-रे-गच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, सा पांढरी एकवर. चाल माझी, पण मला ती तेवढ्या एकाच जागेवरून येते. हे कबूल कसं करायचं? म्हणालो, "तुमची पेटी अडकतेय." बिचाऱ्या उद्या ती दुरुस्तीला नेणार आहेत.

आज दुपारी सगळ्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. काळी पाचला सा धरला आणि एका सुरापासून दुसरा किती पट्ट्या लांब, ते मोजत निघालो. दोन ओळींना दीड तास. इतकी वर्षं मी नेमकं काय शिकलो, चिठ्ठ्या वाचायला?

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा बायको आतून म्हणाली, "तुमचीच चाल हाय नं? आज लई वर लावली."

तिला ओळखू आली. लगेच फोन लावला. "ताई, पेटी नेऊ नका, तिला काही झालेलं नाही. मला काळी पाच येत नव्हती. शनिवारपर्यंत येईल."