मशीनच्या पोटाखालचं कुंकू

बाबा,

तुमचं मशीन आता काचेच्या पेटीत आहे. ज्या कॉलेजात मी उभा जन्म कॉम्प्युटर शिकवला, तिथंच तळमजल्यावर त्यांनी जुन्या यंत्रांचं दालन केलं आहे. कार्डांना भोकं पाडायचं यंत्र आहे, कपाटाएवढ्या एका कॉम्प्युटरचे दोन पत्रे उरले होते ते आहेत, पिवळे पडलेले मॉनिटर आहेत, आणि या सगळ्यांच्या आधी, दारातून आत शिरल्यावर पहिलंच, तुमचं हाताने फिरवायचं हिशेबाचं मशीन. चालतंसुद्धा. एका मुलीने महिनाभर खपून ते चालतं केलं. मूठ फिरवली की तोच खरखर आवाज येतो, घंटीही वाजते. खरं तर मी आनंदाने सगळ्यांना पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी मी तोंड लपवून बसले आहे, आणि तुम्हाला गेल्याला इतकी वर्षं झाल्यावर हे लिहिते आहे, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

ते मशीन आलं तेव्हाचं मला नीट आठवतं. तेव्हा आपल्या गावाला चांदाच म्हणायचे. जंगल ऑफिसच्या व्हरांड्यात लाकडी खोका उघडला, आत गवत, गवतात काळं कुळकुळीत लोखंड. तोवर तुम्ही सागाच्या ओंडक्यांचे घेर आणि लांब्या घेऊन पावकी-औटकीच्या पाढ्यांच्या जोरावर घनफूट काढायचात, आणि डेपोतून कागद आले की जेवण विसरायचात. मशीन आल्यावर बाकीचे कारकून म्हणाले, आता तुमचं काय काम? मला वाटलं तुम्ही खट्टू व्हाल. तुम्ही मात्र त्याच्याभोवती नवी बैलजोडी बघावी तसे फिरत राहिलात. का, ते मला खंडेनवमीला कळलं.

खंडेनवमीला ऑफिसच्या आवारात सगळ्यांची अवजारं मांडली जायची. गार्डांच्या कुऱ्हाडी, झाडांवर शिक्का मारायचे हातोडे, माळ्याचं फावडं, ट्रकवाल्याचा पाना. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. त्या ओळीत तुमचं कधी काही नसे. धानोऱ्याकडचा एक म्हातारा गार्ड दरवर्षी तुम्हाला चिडवायचा, "बाबूजी, तुमचं हत्यार कुठी आहे?" तुम्ही हसण्यावारी न्यायचात. घरी आल्यावर मी विचारलं होतं, पेन का नाही ठेवत? तुम्ही म्हणालात, "पेन काई अवजार आहे का माय? लेकरंबी धरते." आजोबा आरमोरीकडे धानाची शेती करायचे, त्यांच्या घरात नांगर, विळे, कुऱ्हाड, सगळ्यांची पूजा व्हायची. त्या घरातला पहिला शिकलेला मुलगा तुम्ही, आणि तुमच्याच हाताला अवजार नव्हतं. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण ज्या वर्षी मशीन आलं त्या वर्षी तुम्ही ते दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि कुऱ्हाडींच्या मधोमध ठेवलं. म्हातारा गार्ड म्हणाला, "आता जमलं." तुमचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

मग तुम्ही त्याला कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि वरून अक्षता टाकल्या. कुऱ्हाडीवर अक्षता टाकल्या तर काय बिघडतं? पण मशीनला आकडे लावायच्या फटी होत्या. दसऱ्याची सुटी संपली, सागाचा लिलाव तोंडावर आला, आणि मूठ अडली. पुढेही जाईना, मागेही येईना. तुम्ही आईच्या केसांतली पिन नेऊन चाकांमधून तांदूळ काढलात, हळदीने पिवळा झालेला एक दाणा. काढलात ते बरं झालं, पण तोवर साहेबांपर्यंत गेलं होतं. साहेब त्या वेळचे, हिंदी बोलणारे. त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. मी तुमचा डबा घेऊन आले होते आणि दारात थांबले होते. "ये दफ्तर है, मंदिर नहीं. पढ़े-लिखे आदमी हो." तुम्ही म्हणालात, "जी साहब." बाहेर कुऱ्हाडी तशाच कुंकू लावलेल्या भिंतीला टेकून होत्या, त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तुम्ही डबा घेतलात आणि मला म्हणालात, "मायले नोको सांगू." मी सांगितलं नाही. आईला ते बाजारात कळलं.

आईचं आणि त्या मशीनचं कधी जमलंच नाही. ती त्याला सवत म्हणायची. "हापिसात सवत आणून ठेवली. तिले तेल, तिले फडका, अन् मले खरकटी भांडी." साहेब रागावले हे कळल्यावर तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बरं झालं. लोखंडाच्या डब्याले काऊन कुंकू लावता? घरी विळा आहे, उखळ आहे, त्यायले लावा." तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "ज्याच्यावर पोट आहे, त्याले वर्षातून एकदा हात जोडा लागते." आणि मीठ मागितलंत.

पुढच्या खंडेनवमीला मशीन ओळीत नव्हतं. मला वाटलं तुम्ही सोडून दिलं. दुपारी सगळे प्रसादाला बाहेर गेले तेव्हा तुम्ही मला आत बोलावलंत. "धर इकून. जड आहे, पाय सांभाळ." आपण दोघांनी मशीन कलतं केलं. तुम्ही ओल्या कुंकवाचं एक बोट त्याच्या पोटाखाली लावलंत, जिथे कुणाची नजर जाणार नाही. अक्षता नाहीत, फूल नाही. हात जोडलेत. मी खुदकन हसले तर म्हणालात, "काऊन हासून राह्यली? तूबी जोड." मी जोडले. त्यानंतर दरवर्षी हे झालं. लग्न होऊन मी नागपूरला येईपर्यंत दरवर्षी ते मीच कलतं धरलं. जुन्या कुंकवावर नवं, त्यावर नवं. त्याची एक जाड खपली झाली होती. अंधारात बोट फिरवलं तरी कळायची.

मला भागाकार तुम्ही त्याच मशीनवर शिकवलात. वजा करत मूठ फिरवत जायची, एक फेरा जास्त झाला की टिंग करून घंटी वाजायची. मी पहिल्यांदा दचकले, वाटलं मोडलं. "मोडलं नाई. जास्त झालं म्हणून सांगून राह्यलं. एक फेरा वापस घे." मग मी घाईने अर्धाच फेरा परत घेतला आणि हात सोडला, तर सगळंच अडून बसलं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून फेरा पुरा केलात. "वापस घ्याचं तं पुरं घ्याचं. अधांतरी सोडलं तं मंग कोनाच्यानंच सुधरत नाई." पुढे मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना कॉम्प्युटर शिकवला, आणि पहिल्या तासाला दरवेळी ही घंटीची गोष्ट सांगितली. मुलांना आवडायची. अर्ध्या फेऱ्याचं मात्र मी कधी सांगितलं नाही, वेळ पुरायचा नाही म्हणून.

ऑफिसने मशीन मोडीत काढलं तेव्हा तुम्ही ते धोतरात गुंडाळून घरी आणलंत, आणि आई म्हणाली, "आली का सवत घरी?" तुमच्या शेवटच्या खंडेनवमीलाही तुम्ही अंथरुणातून हात लांब केला होता आणि मी ते कलतं केलं होतं. तुमच्यानंतर ते माझ्याकडे आलं. मी ते पुसलं, झाकून ठेवलं. कुंकू मात्र मी एकदाही लावलं नाही. कामाच्या गडबडीत राहिलं, असं म्हणता येईल.

आता ऐका. दालनासाठी मशीन दिलं त्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्या मुलीने ते टेबलावर घेतलं. भोवती सहा-सात जण होते, माझ्या हाताखाली शिकून प्राध्यापक झालेले. तिने मशीन कलतं केलं, मी धरायचे तसंच, आणि तळाशी ती लाल खपली दिसली. एकजण म्हणाला, "मॅडम, बळी दिला होता का याला?" सगळे हसले. मुलगी म्हणाली, "गंज नाही वाटत. काय असेल, मॅडम?" माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणाले, "ऑफिसातली लाल शाई सांडली असेल. काढून टाक." इतक्या सहज म्हणाले. तिने छोट्या सुरीने खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे पडत होते, आणि एकेक पापुद्रा म्हणजे एकेक वर्ष, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी चहा घ्यायला बाहेर गेले. स्वतःची समजूत घातली की तुम्हीच तर म्हणायचात, कुणाला दिसू नये. पण बाबा, तुम्ही साहेबांपासून लपवलं होतं. मी कुणापासून लपवत होते? मीच तिथली साहेब होते.

ती मुलगी आरमोरीची निघाली. चार दिवसांनी एकटी आली, हातात छोटी बाटली. खरवडलेलं तिने टाकलं नव्हतं, त्यांच्या कामात टाकत नाहीत म्हणे. म्हणाली, "मॅडम, शाई नाई हे. हळदीचा वास येऊन राह्यला. आमचे आबा ट्रॅक्टरले लावतात, तसंच आहे." तिच्या तोंडून ती बोली ऐकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घंटी वाजली होती, परत फिरायला जागा होती. मी म्हणाले, "कुंकू आहे." ती म्हणाली, "कोनं लावलं होतं?" तुमचं नाव ओठांवर आलं. आणि मी म्हणाले, "माझ्या आईनं."

का म्हणाले, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आईने कुंकू लावलं म्हटलं की कुणी हसत नाही. साधी बाई, भाबडी श्रद्धा, लोकांचे डोळे भरून येतात. पण हिशेबनीस, शिकलेला पुरुष, हिशेबाच्या यंत्राखाली बोट घालून हात जोडतो म्हटलं की कुणीतरी हसणार, आणि मला भीती त्या हसण्याची नव्हती. मला भीती होती की त्यांच्याबरोबर मीही हसेन.

उद्‌घाटन झालं. पेटीत मशीनशेजारी ती बाटली ठेवली आहे, खाली पाटी आहे: यंत्र चालवणाऱ्या कारकुनाच्या पत्नीने वाहिलेलं कुंकू. पाहुण्यांनी त्यावर भाषण केलं. एका अनाम गृहिणीने यंत्रयुगाचं स्वागत कसं केलं, वगैरे. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या कानात आई म्हणत होती, "सवतीले मी लावीन कुंकू?" मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे, त्यांनी माझा हात दाबला. ओळीत ठेवायला तुमच्याकडे एकच अवजार होतं, बाबा. ते साहेबाने ओळीतून काढलं, आणि त्याला लावलेलं तुमचं बोट मी काढलं.

पाटी बदलायला फार वेळ लागत नाही. ती मुलगी दर सोमवारी येते, एक शब्द सांगितला तर त्याच दिवशी नवी पाटी लावेल. येत्या सोमवारी तिला खरं सांगायचं, असं मी ठरवलं आहे. मागच्या सोमवारीही हेच ठरवलं होतं.