यादीतले अकरा दिवस

सेंट पॉल, ९ फेब्रुवारी २०१८

ती. ब्लियाताईस सा. न.

तीन वर्षं पत्र नाही, क्षमा कर. आई गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हाही मी कामापुरतंच बोललो. अंत्यविधीला नऊ मार्चची तारीख मिळाली. तुझा गुडघा कसा आहे?

एक अडचण आहे. आईच्या आत्म्याला जन्मघरी परतायची वाट दाखवायचं आपलं ह्मोंग गाणं तुवालोकाका म्हणणार आहेत. ती जिथे जिथे राहिली, चालली, ती सगळी ठिकाणं त्यांना हवी आहेत: इथून निर्वासितांची छावणी, छावणीतून मेकाँग नदी, तिथून मागे, जन्मल्यावर तिची वार पुरली त्या घरापर्यंत. दर शनिवारी मी लोकांच्या मुलांना त्यांच्या गेलेल्या माणसांच्या अशा याद्या करून देतो. एक जागा गाळलीत तर आजी तिथेच भरकटेल, म्हणून दरडावतो. आणि माझ्याच यादीत, गावातून पळालो ते नदी गाठली, हे अकरा दिवस कोरे! काका म्हणाले, मास्तर, आता तुमची परीक्षा. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. बाबा वाटेत गेले एवढंच मला ठाऊक. तू चौदाची होतीस. लिही.

तुझा येंग

फ्रेस्नो, १६ फेब्रुवारी

चि. येंगला अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, जीभच उचलत नाही. फोनवर हे सांगवलं नसतं.

नवव्या दिवशी नाम खेंग नाल्यात आपल्यावर सैनिकांच्या गोळ्या सुटल्या. बाबांच्या गळ्यात लागली. ते पाण्यात पडले, पाणी लाल होत खाली गेलं. तू माझ्या कडेवर, तुझं तोंड मी दाबून धरलेलं. झाडीतून त्यांच्यातला एक सैनिक आला. मिसरूडही नव्हतं, आणि आपलाच, ह्मोंग. आपली माणसं पहिलं विचारतात तेच त्याने विचारलं, कूळ कोणतं? आईने माहेरचं सांगितलं, मुआ. त्याने बंदूक खाली केली. म्हणाला, मीही मुआ, म्हणजे तू माझी बहीण. पळ. आणि वळून मागच्यांना हात केला.

आईला वाटलं, दगा. तिने त्याच्या मानेत कोयता घातला. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या घावानंतर तो ताई म्हणाला. मागचे सगळे वरच्या वाटेने निघून गेले होते. तो त्यांना तिकडेच पाठवत होता.

त्याच कोयत्याने आईने नदी ओलांडायला तराफ्याचे बांबू तोडले.

तिने मला शपथ घातली होती, मला त्या नाल्यावरून नेऊ नका, तो उभा असेल. काकांना सांगितलंस तर मुआंना कळणारच. माहेरच्यांनी हो म्हटल्याशिवाय आईला उचलता येत नाही. ते हो म्हणतील का? नाला गाळ, बाळा.

तुझी ताई

सेंट पॉल, २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा मनात आलं, गाळावा, कोणाला कळतंय? मग लोकांच्या पोरांवर चढवलेला आवाज आठवला आणि लाज वाटली. सांगून टाकण्यातही माझाच मोठेपणा मिरवणं नाही ना, हेही तपासलं.

पण ताई, बाबा त्याच पाण्यात आहेत. नाला गाळला तर आई त्यांनाही भेटणार नाही. आणि तो पोरगा नात्याने आपला मामा. त्याने सोसलेल्या तीन घावांवर मी इतकी वर्षं जगलो, आणि त्याचं नाव कोणी विचारलं नाही.

आईच्या माहेरचे मुआ मामा तोंडावर थुंकतील. आईला उचलू देणार नाहीत, तर देईपर्यंत मी दारात बसेन. तुझा शब्द मोडतो आहे, माया मात्र मोडू नकोस.

तुझा येंग

ता. क. उद्या: मुआ मामांच्या दारात गुडघे टेकून नाल्याचं नाव सांगणे.