ज्वारीची मऊ गुंडाळी

२२ नोव्हेंबर १९३६. जळगाव.
धुळ्याहून परतलो. शेजारच्या झुलालनानांना तिथल्या वैद्यांकडे दाखवायला नेलं होतं. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यांचा भरवसा तिकडच्याच वैद्यांवर. त्यांना जुनी संग्रहणी. खाल्लेलं अंगी लागत नाही, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, गहू पूर्ण बंद. दूध, दही, तूप बंद. ज्वारी-बाजरी खा, हिरव्या भाज्या खा. एवढं पाळलं तर माणूस उभा राहील, नाही पाळलं तर मी जबाबदार नाही.

गेलोच होतो म्हणून मीही हात पुढे केला. दिवाळीच्या फराळापासून माझं पोट बरं नाही. वैद्य म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, रात्री कमी जेवत जा. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खलबत्त्याकडे बघत होते.

गाडीत नीट विचार केला. ज्याला काही झालेलं नसतं त्याला वैद्य पुड्या देतो. ज्याच्यात काही राम उरलेला नसतो त्यालाच 'काही नाही' म्हणून घरी पाठवतो. म्हणजे माझी केस नानांपेक्षा सीरियस आहे.

संकल्प: नानांचं पथ्य मीही पाळणार. कुंदाला कारण सांगणार नाही. बायकामाणूस, घाबरेल.

२३ नोव्हेंबर.
कुंदाला सांगितलं. घाबरली नाही. हसली. संशयास्पद.

२५ नोव्हेंबर.
पथ्य सुरू. काळा चहा. कापसाच्या जीनच्या ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, घरी दूध नासलं का.

संध्याकाळी भाकरीला तुपाचा वास. विचारल्यावर कुंदा म्हणाली, सकाळी मी माझ्यापुरती पोळी केली होती, तोच तवा आहे. म्हणजे तवा बाटलेला! उद्या नवीन तवा आणणार. तो माझ्या ताब्यात राहील.

२८ नोव्हेंबर.
सुपडूच्या पिठाच्या गिरणीवर गेलो. माझ्या आधी एका बाईचे गहू दळले जात होते. तिचं संपताच त्याने त्याच जात्यात माझी ज्वारी ओतली. मी हात धरला. म्हणालो, आधी जातं धू. तो म्हणाला, भाऊ, जातं धुतलं तर त्यात पीठ होणार नाही, खळ होईल. लोक हसले. मी ज्वारी परत घेऊन आलो. उद्या पहाटे गिरणी उघडताच पहिला नंबर माझा.

२९ नोव्हेंबर.
पहिला नंबर एका म्हातारीने पटकावला. गहूच. या गावाला दुसरं धान्य माहीत नाही का?

१ डिसेंबर.
नानांकडे बसलो होतो. त्यांची सून ताईबाई त्यांना भाकरी कुस्करून देत होती. नानांना दात नाहीत. घास तोंडात घोळवत बसतात, मग पाणी पिऊन ढकलतात. ताईबाई सांगत होती की चार घास खाल्ले की ताट सरकवतात. पथ्य बरोबर आहे, पण माणूस खातच नाही, तर करू काय? तिचा नवरा भुसावळला रेल्वेत, रविवारीच येतो. म्हाताऱ्याचं सगळं हिच्यावर.

घरी येता येता डोक्यात वीज चमकली. भाकरी जाड का? थापतात म्हणून. पातळ लाटली तर? रुमालासारखी मऊ, आत वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि गुंडाळी. ताट नको, वाटी नको. दात तर नकोच. गहू नाही, दुधाचा थेंब नाही. एकाच फटक्यात नानाही सुधारतील आणि मीही.

कुंदाला प्लॅन सांगितला. म्हणाली, ज्वारी लाटली जात नाही, फाटते. त्यापेक्षा ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकरी करते, गरम असताना भरितात मोडून द्या, नाना खातील. जो माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो, त्याचा आत काहीतरी स्वार्थ असतो. कुंदाचा कोणता, ते अजून कळलेलं नाही.

३ डिसेंबर.
एक्सपेरिमेंट पहिला. फाटली.

४ डिसेंबर.
गरम पाण्यात उकड काढून पाहिली. लाटली गेली. उचलताना फाटली. तुकडे कुंदाने भरिताबरोबर खाल्ले, चांगले लागतात म्हणाली. टोमणा असावा.

५ डिसेंबर.
फाटली. पिठातच काहीतरी आहे. किंवा कुणीतरी काहीतरी घालतं आहे.

७ डिसेंबर.
कुंदा बोदवडला माहेरी गेली. भावजय बाळंत झाली आहे. खरं कारण हेच असेल. असावं.

निघताना स्वयंपाकघरात नेऊन दोन डबे दाखवले. म्हणाली, हा खिडकीकडचा ज्वारीचा, हा चुलीकडचा कणकेचा. टांगा दारात उभा असताना परत आत आली आणि म्हणाली, खिडकीकडचा ज्वारीचा, लक्षात ठेवा.

दुसऱ्यांदा का सांगितलं?

खरं असतं तर एकदा सांगून भागलं असतं. स्टेशनवरून परतताना याच प्रश्नावर विचार केला. उत्तर स्पष्ट आहे. माझं पथ्य मोडावं अशी तिची इच्छा आहे. रोज वेगळा तवा घासायचा तिला कंटाळा आलाय. म्हणून ज्वारी चुलीकडे आहे आणि गहू खिडकीकडे. शिवाय चुलीकडच्या डब्याचं झाकण जास्त घट्ट आहे. माणूस घट्ट झाकण कशाला लावतो? लपवायला.

चुलीकडच्या डब्यावर खडूने मोठी फुली केली. खिडकीकडचा डबा माळ्यावर टाकला.

८ डिसेंबर.
विजय! पहिल्याच प्रयत्नात लाटली गेली. फाटली नाही. ताणली तरी फाटली नाही. तव्यावर टम्म फुगली. गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. रुमाल!

यशाचं कारण: (अ) मळण्यात जोर, (ब) कोमट पाणी, (क) कुंदा घरी नाही.

रंग थोडा तांबूस आहे. सुपडूने माझी ज्वारी बदलून जुनी दळून दिली असणार. विचारेन.

९ डिसेंबर.
नानांना भरीत घालून एक गुंडाळी दिली. त्यांनी पहिला घास घेतला आणि घोळवायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, मिरची जास्त झाली का? ते म्हणाले, नही रे भाऊ. मग सगळी संपवली. बोटं चाटली. म्हणाले, "आखो एक शे का?"

आणखी एक मागितली! ज्या माणसाचं चार घासांत पोट भरतं, त्याने! ताईबाई दारात उभी होती. बघतच राहिली.

१२ डिसेंबर.
नाना रोज माझी वाट बघत ओट्यावर बसलेले असतात. आज दोन खाल्ल्या. माझंही पोट इतकं हलकं कधी नव्हतं. गव्हाने माझ्या शरीराचं किती नुकसान केलं होतं, ते आता कळतंय. ऑफिसात याविषयी थोडं बोललो. हेडक्लार्क म्हणाले, जीवराम, आता तरी कामाला लाग.

१३ डिसेंबर.
ताईबाईने अडवलं. म्हणाली, भाऊ, ही इतकी मऊ कशी होते? पीठ कोणतं? जरा दाखवता का? मी म्हणालो, सिस्टिम आहे. ती म्हणाली, सिस्टिम राहू द्या, पीठ दाखवा.

लक्षात आलं. रीत काढून घ्यायची, आणि उद्या सगळ्या गल्लीत सांगत सुटायचं की ही मीच शोधली. मी विषय बदलला, थंडी फार पडली म्हणालो. ती गेली नाही. शेवटी मीच गेलो.

स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

१५ डिसेंबर.
ताईबाई आमच्या खिडकीतून आत डोकावताना दिसली. कुलूप योग्यच होतं.

१७ डिसेंबर.
नाना झोपून. सकाळपासून सारखे जुलाब. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. ओट्यावर दिसले नाहीत म्हणून आत गेलो, तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. गुंडाळी पुढे केली. ताईबाईने ती माझ्या हातून घेतली आणि बाजूला ठेवली.

पथ्य इतकं कडक चाललेलं असताना हे झालंच कसं? कुणीतरी नानांना गहू खाऊ घालतं आहे.

घरात दुसरं कोण आहे?

१८ डिसेंबर.
बोलावं लागलं. आवडीचं काम नव्हतं, पण माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. ताईबाईला सरळ विचारलं, नानांना पोळी कोण देतं? ती म्हणाली, काय? मी म्हणालो, माझ्या गुंडाळीची भरभराट काही लोकांना बघवत नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, भाऊ, महिना होत आला, या घरात मी गव्हाचा दाणा आणलेला नाही. माझी पोरगी शेजारी पोळी बघून रडते, तरी नाही. आणि तुम्ही मला हे विचारता?

मग ती पदर तोंडाला लावून आत गेली. शेजारपाजारचे दोन-चार लोक दारात जमले होते. मला वाटतं, माझा मुद्दा त्यांना पटला.

१९ डिसेंबर.
नानांचा आवाज खोल गेलाय. डॉक्टर येऊन गेले. मिठाचं पाणी पाजत राहा म्हणाले. त्यांचा मुलगा भुसावळहून आला. माझ्याशी बोलला नाही. ताईबाईने कान भरले असणार.

मला जेवण गेलं नाही. म्हणजे एकच गुंडाळी खाल्ली.

२० डिसेंबर.
कुंदा परत आली. कुणीतरी निरोप पाठवला होता. कुणी, ते सांगत नाही.

घरात पाऊल टाकलं, कुलूप बघितलं, किल्ली मागितली. खडूची फुली बघितली. झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांवर घेतलं, पाण्याचा थेंब टाकला, मळलं, ताणलं. माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, ज्वारी.

ती म्हणाली, "ही कणीक आहे."

मी म्हणालो, शक्यच नाही, माझं पोट उत्तम आहे. ती खाली बसली आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "आणि नानांना हेच रोज दिलंत?"

पुढचं लिहवत नाही.

एवढं मात्र नोंदवून ठेवतो की तिने डब्यांचं दोनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला असता.

पोटात कसंतरी होतंय. गहूच असणार.

२१ डिसेंबर.
कुंदा मला हाताला धरून शेजारी घेऊन गेली. मी ताईबाईची क्षमा मागितली असं म्हणता येईल. म्हणजे कुंदा बोलली, मी उभा होतो. ताईबाई शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, मी पीठ दाखवा म्हटलं होतं ना? तेवढंच म्हणाली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नानांच्या उशाशी बसलो. हात हातात घेतला. हाडांची मोळी. मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण जे शब्द आले ते सगळे गुंडाळीविषयीचे होते. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. मिठाचं पाणी चमच्याने मीच पाजलं. ताईबाईने अडवलं नाही, पण पाणी तिने स्वतः कालवलं.

२४ डिसेंबर.
नानांनी डोळे उघडून पेज मागितली. मी ओट्यावर जाऊन उगाच खांबाला टेकून उभा राहिलो. धूर फार होता गल्लीत. डोळे चुरचुरत होते.

२९ डिसेंबर.
नाना उशीला टेकून बसले. ताईबाई पाणी भरायला गेली होती. मी संधी साधली आणि म्हणालो, नाना, चूक झाली, कणीक होती. मला माहीत नव्हतं.

नाना म्हणाले, "माले पहिलाच घासमा समजनं व्हतं."

पहिल्याच घासाला! मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "पोळी शे सांगतू, ते तू बंद करी देतास." म्हणजे सांगितलं असतं तर मी पोळी बंद केली असती. धुळ्याहून आल्यापासून पोळीचा वास नाही. त्या दिवशी तोंडात आली आणि त्यांना त्यांची बायको आठवली. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती अशीच पातळ करायची, म्हणाले. मग मरणाची भीती वाटली नाही का, असं मी विचारलं. म्हणाले, वाटली, पण दुसऱ्या दिवशी वाटली. तोपर्यंत तू दुसरी घेऊन आला होतास.

ताईबाईला सांगू नको, असं मला बजावलं. दोनदा बजावलं.

घरी येऊन नीट विचार केला. इतके दिवस ज्या माणसाच्या काळजीने मी पाणी पाजत होतो, तो मला पहिल्या दिवसापासून फसवत होता. भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

कुंदाला सांगितलं. ती हसली नाही. उठून कळण्याचं दळण काढलं.

२ जानेवारी १९३७.
पथ्य सोडलं. वैद्य म्हणाले होते मला काही झालेलं नाही, त्यात तथ्य असू शकतं. दुधाचा चहा. दोन पोळ्या. तीन.

५ जानेवारी.
कुंदा रोज नानांसाठी कळण्याची भाकरी करते, गरम गरम भरितात मोडून. नाना खातात. बोटं चाटत नाहीत, पण खातात. चार घासांवर थांबत नाहीत. काल काठी घेऊन ओट्यापर्यंत आले. माझ्याकडे वाटी नेऊन देण्याचं काम आहे. जबाबदारीचं काम आहे.

९ जानेवारी.
आज मनाला फार लागलं. वाटी घेऊन गेलो, तर ताईबाईने दारातच अडवलं. भाकरीचा तुकडा काढला, बोटांत चुरला, वास घेतला, उजेडाला धरून पाहिला. मग स्वतःच्या तोंडात टाकून बराच वेळ चघळला. मी म्हणालो, भाकरी कुंदाने केली आहे. म्हणाली, केली कुंदाताईंनी, पण आणली कुणी? भर दारात! रस्त्याने लोक जात असताना!

माणसाने इतकं संशयी असू नये.