पिशवीतलं गढूळ पाणी

प्रिय चिमणे,

कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून आधी बातमी सांगतो. माझ्या पोटातली नळी काढली. किडन्या निकामी झाल्यावर चार महिने तू रोज जिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचीस आणि काढायचीस, तीच. आता आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घेतो. तुझी काकू सोबत येते आणि वाटभर माझ्या चालण्यावर टीका करते.

तू घरातून गेल्यावरही पिशवीत पाणी गढूळच यायचं, तांदूळ धुतल्यासारखं. संध्याकाळ झाली की ताप. औषधं बदलून झाली, तपासणीत एकही जंतू सापडेना. जंतू नाहीत म्हणतात, मग पोट कशानं दुखतं? माझं डोकंच चालेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या आवरणाचा तुकडा तपासायला पाठवला. क्षयरोग निघाला. मी म्हटलं, "अहो, मला साधा खोकलासुद्धा नाही!" त्या म्हणाल्या, "पोटातही होतो, काका. कधीतरी अंगात शिरला असेल, इतकी वर्षं निपचित होता. किडन्या गेल्या, ताकद घटली, तसं त्यानं डोकं वर काढलं."

मग आठवलं. लग्नाआधी मी शिवणकामाच्या दुकानातल्या माळ्यावर राहायचो. सोबत इस्त्रीवाला, सदा खोकणारा. दोन वर्षं त्या कोंदट खोलीत काढली. तो त्या खोकल्यातच गेला. हे त्याचंच, की दुसऱ्या कुणाचं, कुणालाच सांगता येत नाही. अख्खी हयात लोकांची मापं घेण्यात गेली, आणि स्वतःच्या पोटात काय आहे याचा पत्ता नाही.

गोळ्या चालू आहेत, ताप उतरलाय. तूही एकदा तपासून घे, घरातल्या सगळ्यांनाच सांगितलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पाणी पहिल्यांदा गढूळ आलं, त्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, पिशवी बदलताना काही चूक झाली का, आणि मी तुझ्यादेखत म्हणालो, "पोरीचं लक्ष नसतं, हात धड धूत नाही." तू दोन दिवसांनी बॅग भरलीस. खरं तर मी रोज बघायचो, तू कोपरापर्यंत हात धुवायचीस, घड्याळ लावून. तरी तसं का बोललो, अजून उमगत नाही. घाबरलो होतो, एवढंच हाती लागतं. नर्सबाईंनी ते फाइलीत लिहिलं होतं. काल डॉक्टरीणबाईंना त्याखाली लिहायला लावलं, मुलीची काहीही चूक नव्हती. शेजारी मी सही केली. नाव वाचता येईल अशी.

तुझाच,
बाबा