रीळ विचारलं होतं, वय नव्हे

बोवेन, ४ जुलै २०१६

चि. मर्विन यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि. मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण माझ्या लेकीने तुझ्या बायकोला, मेरीला, फोन करून काय काय ऐकवलं असेल ते देव जाणे. तुझे कान गेल्यापासून फोनवर तुझ्याशी भांडायची सोय राहिली नाही, म्हणून हा कागद.

झालं ते असं. मंगळवारी सकाळी माझी अरुंद कयाक घेऊन मासे धरायला निघाले. गळाची काठी बाजूच्या खोबणीत, मागे साठेक मीटरवर गळ, आणि मी आपली सावकाश वल्हवतेय. बेटाच्या टोकाशी सुरमई लागली. दोरी सुसाट सुटली आणि मध्येच रीळ अडकलं, दगड झाला त्याचा. दोरी काही तुटेना. माशाने कयाकच आडवी ओढली, तेवढ्यात बाजूने लाट आली आणि अडुसष्ट वर्षांची तुझी बहीण पाण्यात! वीस मिनिटं उलट्या कयाकला धरून लोंबकळत होते. मग कोळंबीच्या बोटीवाल्यांनी वर ओढलं. त्यातल्या एकाने विचारलं की आजी, घरी कोण असतं? मी म्हटलं, आजी तुझ्या घरची, मला आधी काठी शोधून दे.

काठी गेली नाही, दोरीने बांधलेली होती. पण कीथ गेल्यापासून धास्तावलेली लिनेट माझं वल्हं उचलून तिच्या घरी घेऊन गेली. म्हणते, आई, बाबा गेले, आता तुझा देह किनाऱ्यावरून न्यायला यायचं का मी? आणि आमच्या मासेमारी क्लबचा सचिव क्लिफर्ड, त्याने तर ऑगस्टच्या स्पर्धेसाठी फळ्यावर कागदच डकवला. पासष्टीच्या पुढच्यांनी कयाकवर जायचं तर सोबत मोटारबोट हवी. आमच्या क्लबात पासष्टीपुढचं, कयाकवर जाणारं माणूस एकच आहे.

तू तीस वर्षं केर्न्सच्या दुकानात रिळं उघडून दुरुस्त केलीस. तेव्हा एवढंच सांग, खाऱ्या पाण्यात टिकणारं कोणतं रीळ घेऊ? वयाबद्दल काही लिहू नकोस, ते माझ्याजवळ आहे.

मेरीला गोड पापा. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
ग्लेनिस


चार्टर्स टॉवर्स, १३ जुलै २०१६

ती. ग्लेनिस हिला,

धाकट्याचा नमस्कार आणि पाठोपाठ ओरडा. वि. वि. पत्र वाचून मेरी रडली. मी नाही रडलो, मी शिव्या घातल्या.

रीळ का अडकलं ते मला न उघडता कळतं. घरी आलीस की नळीचा जोरदार फवारा मारतेस ना त्याच्यावर? गाडी धुतल्यासारखा? त्या फवाऱ्याने मीठ निघत नाही, उलट आत घुसतं. मग बेअरिंगं गंजतात आणि नेमकी मासा पळताना दगा देतात. तीस वर्षांत असली शेकड्यांनी रिळं पाहिली. प्रत्येकाचा मालक सांगायचा की मी तर रोज धुतो.

पण नवीन रिळाचं नाव मी सांगणार नाही. लिनेटचं बरोबर आहे. कीथ असता तर गोष्ट वेगळी होती. तुझ्या उजव्या मनगटात संधिवात आहे, वाऱ्याचा भरवसा नाही. धक्क्यावर खुर्ची टाकून बस, तिथेही मासे लागतात. नाहीतर इकडे ये. इथे समुद्र नाही, म्हणून बुडायची भीतीही नाही. मेरी तुझ्यासाठी लॅमिंग्टन केक करीन म्हणते.

रागावशील, ठाऊक आहे. रागाव, पण कोरडी राहा.

तुझा,
मर्विन


बोवेन, २१ जुलै २०१६

मर्विन,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते. रीळ विचारलं, तू वय सांगितलंस. कान गेले ते कळतं, डोळेही गेले का?

तुझे कान गेले तेव्हा दुकानाच्या मालकाने तुला घरी बसायला सांगितलं होतं. तेव्हा केर्न्सला येऊन मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, हा माणूस रीळ बोटांनी ऐकतो. तू आणखी चार वर्षं काम केलंस. तेव्हा तुला मी धक्क्यावरची खुर्ची सुचवली होती का?

कीथ असता तर, म्हणतोस. कीथला बोट लागायची, हे विसरलास? तो किनाऱ्यावर चहाचा थर्मास घेऊन बसायचा. समुद्रावर मी नेहमी एकटीच होते. तो गेल्यावर गावात जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो, दुकानात माझी पिशवी माझ्या हातून काढून घेतो. सुरमई तेवढी हळू ओढत नाही. मला ती जागा सोडायची नाही.

काल दुकानात गेले. विकणाऱ्या पोराने आधी गुलाबी रीळ दाखवलं, बायका हे घेतात म्हणे. मी बघितलं त्याच्याकडे. मग त्याने सोनेरी, माझ्या डोक्याएवढं एक पुढे केलं. ३० तारखेला, शनिवारी, मी ते सोनेरी घेणार आहे. तुला शरम वाटत असेल तर त्याआधी लिही.

ग्लेनिस


चार्टर्स टॉवर्स, २५ जुलै २०१६

ती. ग्लेनिस हिला,

साष्टांग नमस्कार. वि. वि. सोनेरी घेऊ नकोस! हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतोय.

ते बोटीवरून मोठे मासे धरणाऱ्यांचं. कयाकवर एवढं वजन काठीच्या बुडाशी लटकलं की तुझं मनगट संध्याकाळपर्यंत सुजेल. तुला मध्यम हवं, दोरीची फिरकी आडवी असलेलं. त्यात हलणारे भाग कमी, आणि जे नाही ते मोडत नाही. सांगाडा एकसंध ॲल्युमिनियमचा पाहा, प्लॅस्टिकचा वाकतो. कयाकवर रीळ पाण्यापासून हातभर अंतरावर असतं, दिवसभर भिजतं. म्हणून सुटत्या दोरीला आवरणारा ब्रेक बंदिस्त पाहिजे, आत पाणी न जाणारा. तीनशे मीटर दोरी मावली पाहिजे. मासा ओढू लागला की मोठा आवाज करणारी टिकटिकही हवी, कारण वल्हवताना तू समोर बघत असतेस. मूठ जाड घे, ओल्या हातात सुटणार नाही.

दुकानात ब्रेक हलका लाव आणि दोरी हाताने सावकाश ओढ. रेशमासारखी सुटली तर घे. झटके देत सुटली तर पोराला गुड बाय कर. आणि विचार की सुटे भाग मिळतात का. मिळत नसतील तर ते रीळ नव्हे, खेळणं.

परत आलीस की मंद धारेच्या गोड्या पाण्याने धू, ब्रेक सैल कर, सावलीत वाळव.

आता माझी अट. वल्ह्याला दोरी, अंगावर तरंगणारं जाकीट, खिशात मदत मागायचा रेडिओ. आणि आधी बंदरात मुद्दाम उलटून परत चढायचं, दहा वेळा. दहा म्हणजे नऊ नाही. मासा ओढेल तिकडे कयाक जाऊ दे, भांडू नकोस. भांडायला मी आहे.

थर्मासचं मला माहीत नव्हतं. चुकलो.

तुझा,
मर्विन


बोवेन, २९ ऑगस्ट २०१६

चि. मर्विन यास,

अनेक आशीर्वाद, मागचे थकलेले धरून. वि. वि. बंदरात बारा वेळा उलटले. अकराव्या वेळेला धक्क्यावरच्या खुर्च्यांमधून टाळ्या आल्या.

रीळ तू सांगितलंस तसंच, काळं, साधं. वल्हं नवीन घेतलं. लिनेटला आदल्या दिवशी स्वतः सांगून आले की उद्या जाते आहे. तिने दार जोरात लावलं.

स्पर्धेच्या सकाळी क्लिफर्ड पाण्याच्या काठाशी उभा होता. म्हणाला, ग्लेनिस, मोटारबोट नाही तर तुझं नाव यादीत नाही. मी म्हटलं, यादी तुझी, समुद्र तुझा नाही. आणि वल्हं मारलं.

दोन तास काही नाही. मग बेटाच्या टोकाला टिकटिक अशी किंचाळली की मीच दचकले. मर्विन, दोरी रेशमासारखी सुटत होती! शंभर मीटर, दीडशे मीटर, पण एक झटका नाही. कयाक ओढत घेऊन गेली मला उत्तरेला. मी नाही भांडले. पाऊण तास सोडली, गुंडाळली, सोडली. मनगट ठणकत होतं आणि मी मोठमोठ्याने गात होते, तिथे ऐकायला कोणी नव्हतं. शेवटी कयाकच्या कडेला चंदेरी पट्टा वर आला. माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब सुरमई.

किनाऱ्याला लागले तर लिनेट गुडघाभर पाण्यात उभी. तिने कयाकचं टोक धरलं. आधी माझा चेहरा बघितला, मग मासा, मग पुन्हा चेहरा. म्हणाली, आई, तू भयंकर आहेस. आणि माशाची शेपटी उचलली.

दोघींनी तो क्लबच्या टेबलावर नेला. क्लिफर्ड म्हणाला, वजन करता येणार नाही, नियम म्हणजे नियम. मी काही बोलायच्या आत लिनेटने विचारलं की वजनकाट्याला नियम आहे, टेबलाला आहे का? मग मी तिथेच, बक्षिसांच्या टेबलावर, सुरी काढली आणि सुरमईच्या तुकड्या पाडल्या. कोणीतरी शेगडी पेटवली, लिंबं आली, पाव आला. बक्षीस कोणाला मिळालं ते मला आजतागायत माहीत नाही, कारण ते जाहीर झालं तेव्हा सगळे माझ्यापुढे रांगेत उभे होते.

शेवटचा क्लिफर्ड होता, कागदी बशी घेऊन. मी त्याला मधला तुकडा दिला, सगळ्यात जाड. त्याने मान खाली घालून विचारलं की पुढच्या शनिवारी कुठल्या बाजूला जाणार आहेस? मी सांगितलं नाही.

मेरीला प्रेम. तुझाही जीव असू दे माझ्यावर, मी आहे तशीच आहे.

तुझी,
ग्लेनिस