पाच सेकंद पेटणारा बॉयलर

सिवास, शनिवार

आदरणीय मुअल्ला ताई,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून ते कपाळाला लावतो. तुझी, राफेत भावजींची आणि त्यांच्या गुडघ्याची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. इझमिरला तुम्ही म्हणे अजून खिडक्या उघड्या ठेवून जेवता. जेवा. इथे उणे अठरा आहे आणि मी हे पत्र हातमोजा काढून लिहितो आहे, एवढंच लक्षात असू दे. आई खुशाल आहे. तुझी भावजय शाझियेही खुशाल आहे, पण सध्या माझ्याशी अर्ध्याच वाक्यात बोलते. त्याचं कारण पुढे येईलच.

झालं असं, की गेल्या शनिवारी सकाळी घर तापवणारा बाल्कनीतला बॉयलर सुरू होईना. म्हणजे सुरू व्हायचा, पण टिकायचा नाही. आधी टक टक टक, मग भुस्स करून ज्योत लागायची, आपण सुटकेचा श्वास सोडेपर्यंत पाच सेकंद जळायची आणि विझायची. वर लाल दिवा. बटण दाबलं की पुन्हा तेच. मी त्या दिवशी एकतीस वेळा बटण दाबलं (शाझिये म्हणते चाळीस, पण ती मधूनमधून स्वयंपाकघरात होती). माहितीपुस्तक काढलं, तर सोळा भाषांतलं असूनही आपल्या भाषेची पानं तेवढी गायब. ती आईने शरदात लोणच्याच्या बरण्यांखाली घातली होती. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी, चित्रांवरून वाचायला बसलो. एका चित्रात काटा एक आणि दोनच्या मध्ये होता, आमचा एकाच्याही खाली, अर्ध्यावर. म्हणजे पाण्याचा दाब कमी. खाली एक छोटी तोटी असते, ती सोडली की काटा चढतो. सोडली. चढला.

ताई, इथे मी एक गोष्ट विसरलो. तोटी बंद करायची असते.

मी आत चहा घेत होतो, काटा तिनावर गेला, आणि बॉयलरने नको झालेलं सगळं पाणी आमच्या बाल्कनीतून खालच्या मजल्यावर फाहरेत्तिन बेंच्या डोक्यावर सोडलं. तेच ते, रिटायर्ड स्टेशनमास्तर, साऱ्या गल्लीचे 'बे', म्हणजे साहेब. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या धुतलेल्या चादरीवर पडलं तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. घंटा वाजली तशी मी भांडणाची सगळी तयारी करून दार उघडलं. टोपीवरून पाणी ओघळतंय, मिशीत बर्फ धरायला लागलाय, आणि हा गृहस्थ माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणतो, "मास्तर, या गारठ्यात आईसाहेबांना ठेवलंत कसं? आमच्याकडे शेगडी पेटलेली आहे. दिवसभर खाली पाठवा."

मी नको म्हणायच्या आत आई विणकामाची पिशवी घेऊन उभी. आम्हाला लग्नाला जायचं असलं की शाल शोधायला तिला तास लागतो.

रविवारी राफेत भावजींचा फोन आला. (त्यांचं मन चांगलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) ते म्हणाले, खोलीतल्या भिंतीवरच्या रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल, कडेचा स्क्रू जरा फिरव, हवा निघून जाईल. फिरवला. हवा निघाली. तिच्या मागोमाग बारा वर्षांचं काळं पाणी निघालं आणि थेट शाझियेच्या हाताने विणलेल्या पांढऱ्या पडद्यावर गेलं. तो पडदा तिच्या रुखवतातला. तिने पडदा काढला, घडी केली आणि माझ्या उशीवर ठेवला. तेव्हापासून अर्धी वाक्यं.

सोमवारी अधिकृत सर्व्हिसला फोन लावला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, बंद करून पुन्हा चालू केलात का?" मी म्हटलं, बाळ, मी आता दुसरं काहीच करत नाही. तिने गुरुवार दिला. मग तीन दिवस आम्ही स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडून बसलो. मी ओव्हरकोटात पेपर तपासले. शाझिये सकाळसंध्याकाळ तारहानाचं सूप करायची आणि "वाटी." एवढंच म्हणायची. आणि आई संध्याकाळी खालून गाल लाल करून वर यायची. आज म्हणे बॅकगॅमनचे पाच डाव झाले, चार हिने जिंकले. आज म्हणे फाहरेत्तिन बेंनी सत्तर सालच्या बर्फात तीन दिवस अडकलेल्या गाडीची गोष्ट सांगितली, सगळ्या उतारूंना त्यांनी कचेरीत सूप पाजलं होतं. मी म्हटलं, आई, हाच माणूस आपल्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. आई म्हणाली, "तुझ्याशी बोलत नव्हते. जिन्यात मला रोज सलाम करायचे."

गुरुवारी सर्व्हिसचे कारागीर बुन्यामिन उस्ता आले. धिप्पाड, कमी बोलणारे. त्यांनी झाकण उघडलं, कान लावला, मग खाली वाकून एक पांढरी नळी धरली. ही नळी बॉयलरमध्ये साचणारं पाणी थेंब थेंब बाहेर सोडते, आणि ते तुंबलं की बॉयलर स्वतःहून विझतो, असं ते म्हणाले. मग नळीच्या तोंडातून त्यांनी चिमट्याने एक बोळा ओढला. ओढतच राहिले. जुन्या बनियनचा एक अख्खा खांदा निघाला आणि त्यामागे बादलीभर पाणी.

"घरात लहान मूल आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," उस्ता म्हणाले. शाझिये बनियनकडे बघत होती. (बाल्कनीच्या फरशीवर सारखं ठिबकायचं म्हणून ऑक्टोबरात कुणीतरी तो कोंबला असावा. कुणीतरी म्हणजे मी. तुझ्याशी कशाला खोटं बोलू.) बटण दाबलं, टक टक टक, भुस्स, आणि ज्योत टिकली. शाझियेने आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं, ते मी इथे लिहीत नाही.

तर असा हा आठवडा गेला. घर आता उबदार आहे, काळजी नसावी. मुलांना माझे पापे.

तुझा धाकटा भाऊ,
नुरेत्तिन

ता. क. घर उबदार असूनही आई अजून सकाळी दहाला खाली जाते. मी काल तिला रेडिएटरवर हात ठेवायला लावला. ती म्हणाली, "छान तापलाय," आणि चपला घातल्या.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण बॉयलरमध्येच पानं संपली. काल दुपारी फाहरेत्तिन बे काळा सूट घालून, चॉकलेटचा डबा आणि कार्नेशनची सात फुलं घेऊन वर आले. मला वाटलं छताच्या ओलीबद्दल बोलणार, म्हणून मीच आधी म्हटलं की रंग लावून देतो. ते म्हणाले, "मास्तर, रंगाचं राहू दे. अल्लाच्या आज्ञेने तुमच्या आईसाहेबांना मागणी घालायला आलोय. घरातले थोरले इथे तुम्हीच." ताई, बावन्नाव्या वर्षी मी मुलीचा बाप झालो. माझ्या तोंडून एवढंच निघालं की थोरली बहीण इझमिरला असते, तिला विचारावं लागेल. ते म्हणाले, अवश्य विचारा, मी गाड्यांची वाट बघत चाळीस वर्षं काढलीत.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. रात्रीच्या जेवणानंतर मी आईला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ती म्हणाली, "मुअल्लाला लिही. पण लांबण लावू नकोस." तेव्हा तू काय ते सांग, किंवा सरळ निघून ये. मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणताना आवाज फुटत नाही.

तिसरा ता. क. कॉफी आईनेच आणली, निळा पोशाख घालून. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते गेल्यावर कप विसळताना मी तळाशी बोट लावून चाखलं. मागणीच्या कॉफीत मुलीने मीठ घालायचं आणि होकार हवा असेल त्याने ती मुकाट प्यायची, ही आपली रीत; माझ्या वेळी शाझियेने दोन चमचे घातलं होतं. आईने निदान चार चमचे घातलं असावं.